अण्णांच्या गाडीतला टेप

आमच्या साताऱ्याच्या घरात हळू बोलणारं एकच माणूस होतं, आणि ते आम्ही लग्न करून सांगलीला देऊन टाकलं. बाकी सगळा तोफखाना. नाना फौजेत ट्रक हाकून निवृत्त झालेले. त्यांना तांब्याभर पाणी हवं असलं तरी ते मागच्या सगळ्या ताफ्याला ऐकू जाईल अशा बेतानं मागत. आई स्वयंपाकघरातून तेवढ्याच उंचीवर उत्तर देई, कारण तिच्यासमोर स्टोव्ह फरफरत असे आणि स्टोव्हला हार जायचं तिच्या स्वभावात नव्हतं. मी जन्मलो तेव्हा असा रडलो की परेडला निघालेले शिपाई रस्त्यातच सावधानमध्ये उभे राहिले. हे मला कुणी सांगितलेलं नाही, पण माझा पुढचा आवाज बघता तसंच झालं असणार. या गोंगाटात माझी थोरली बहीण, अक्का, असं बोले की ऐकणाऱ्यानं हातातलं भांडं खाली ठेवावं. तिनं उंबऱ्यातून "इल्या" एवढं म्हटलं की हातातला पतंग सोडून मी घरात हजर. ती गेल्यावर घरात आवाज तेवढेच राहिले, पण मध्ये श्वास घ्यायला जागा राहिली नाही.

माझं त्या काळात शिक्षण संपलेलं होतं, म्हणजे कॉलेजनं ते संपवलं होतं. दिवसभर मी एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानाच्या फळीवर बसे. मालक मला हाकलत नसे, कारण त्याला डुलकी काढायची असली की गिऱ्हाइकाशी बोलायला माझ्यासारखा माणूस दुसरा नव्हता. तिथं बसून बसून मी विजेतला तज्ज्ञ झालो. गल्लीच्या गणपतीला मी लावलेली बल्बची माळ एकदा पेटली, आणि तेवढ्यावर माझं नाव पार कोरेगावपर्यंत गेलं. ती माळ विझवायला पुढे बादलीभर वाळू लागली, हा भाग कोरेगावपर्यंत गेला नाही.

अक्काचं लग्न उन्हाळ्यात झालं. आमच्याकडे लग्नात नवरदेवानं रुसायचं असतं. पंगत बसली की तो घासाला हात लावत नाही, मग मुलीकडच्यांनी विचारायचं, काय हवं, आणि त्यानं घड्याळ, अंगठी, सायकल असं काहीतरी मागून घ्यायचं. आमचे दाजी इतके गरीब स्वभावाचे की त्यांना रुसताच येईना. पानावर बुंदी पडली आणि ते सरळ खायला लागले. तेव्हा त्यांचे वडील, सांगलीच्या बाजारातले हळदीचे अडते अण्णा, स्वतः हात आखडून बसले. "पोरगं रुसत न्हाई, तर मी रुसतो," ते म्हणाले. "माझ्या गाडीत गाणं पायजे."

अण्णांकडे एक काळी विलायती गाडी होती. कुठल्याशा म्हाताऱ्या साहेबाकडून घेतलेली, म्हशीएवढी रुंद, आणि दारं लावली की बँकेची तिजोरी लागल्यासारखा आवाज. सगळा मांडव नानांकडे बघायला लागला. नानांना गाडी समजत होती, गाणं समजत नव्हतं. आणि मी, हातात मठ्ठ्याची बादली घेऊन, पंगतीच्या मधोमध उभा राहून गरजलो, "अण्णा, टेप आणणार मी आणि बसवणारही मी! मिस्त्रीचा हातसुद्धा लागू देणार नाही!"

"शब्द दिला न्हवं, पावणं?"

"दिला!"

"मग आमचाबी ऐका. माझी गाडी गानं म्हनत साताऱ्याला यील, तवा सूनबाई पयल्या बाळंतपणाला माहेरी यील."

मांडवात हशा पिकला. अक्का तेवढी हसली नाही. तिला बहुधा ठाऊक झालेलं होतं की तिच्या सासऱ्याच्या धंद्यात लिहिणं नसतं. हळदीचा सौदा हा रुमालाखाली होतो. दोन माणसं रुमालाआड हात घालतात, बोटं दाबून भाव सांगतात, आणि हात सुटले की सौदा पक्का. त्यात ज्यानं शब्द फिरवला त्यानं दुसऱ्या दिवशी बाजारात येऊ नये. आणि त्या पंगतीत अख्खा हळद बाजार बसलेला होता.

पुढच्या हळदीच्या हंगामात अक्काला सातवा लागला तेव्हा आईनं मला फैलावर घेतलं. सातव्यात लेक आणायची, आठव्यात गरोदर बाई हलवायची नाही, हे तिच्या लेखी दगडावर कोरलेलं. अमावास्या झाली की आठवा. टेप तोवर मी आणलेला होता. एका मित्राचा मामा बोटीवर होता, त्यानं तो परदेशातून आणला होता. चकचकीत, आणि त्यावर इतकी बटणं की विमान चालावं. तो मी आमच्या ओळखीच्या एका ट्रकच्या बॅटरीला जोडून बघितला तर असा वाजला, असा वाजला, की अजिंक्यताऱ्यावरून प्रतिध्वनी आला आणि तो मूळ गाण्यापेक्षा सुरात होता. नाना एवढंच म्हणाले, "ट्रकला वाजला. त्यांच्या गाडीला वाजला म्हणजे खरं." मी हसून सोडून दिलं. टेप, दोन स्पीकर, पक्कड, पेचकस, वायरीचं भेंडोळं आणि कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन मी एस.टी.त चढलो.

हंगामात त्या गावात कधी गेला असाल तर तुम्हाला सांगायला नको. स्टँडवर उतरतानाच नाकात हळद. हमाल पिवळे, बैल पिवळे, रस्त्यातली कुत्री अशी की आत्ताच लग्नघरातून आल्यासारखी. अण्णांचं घर अडतीला लागूनच. पुढे पत्र्याची शेड, शेडीत ती काळी गाडी, आणि तिच्यासुद्धा टपावर हळदीचा हलका थर. अक्का दारात आली. तोंड भरलेलं, पाय सुजलेले. मी तिच्याकडे बघून काही मोठ्यानं बोलणार तेवढ्यात तिची सासू पुढे झाली. मी त्यांना मावशी म्हणे. त्यांनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, पाय धुवायला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "आधी जेवा. गानं काय, वाजतंयच."

कृष्णाकाठची वांगी, त्यात शेंगदाण्याचं कूट, वर तेलाचा तवंग, हातावर फुटणारी भाकरी. त्या घरात मी जेवढा हरलो तेवढं खाल्लं, आणि मी फार हरलो.

आता काम काय असतं ते सांगतो, म्हणजे माझी हार नीट समजेल. गाडीत बॅटरीपासून एकच वायर दिव्याला, हॉर्नला जाते. दुसऱ्या वायरीचं काम गाडीचं लोखंडी अंगच करतं. बॅटरीचं एक टोक त्या अंगाला बांधलेलं असतं. टेपाला दोन वायरी होत्या, लाल आणि काळी. लाल लावायची हॉर्नच्या वायरीला, काळी लावायची गाडीच्या अंगाला. झालं. एवढंच. हे मी त्या फळीवर बसून हजार वेळा बघितलेलं होतं. मी गाडीच्या डॅशबोर्डच्या फळीखाली उताणा शिरलो, टेप स्क्रूनं आवळला, लाल वायर, काळी वायर, आणि बाहेर आलो तो शेडीत जत्रा. अडतीवरचे हमाल, दिवाणजी, शेजारपाजार. मावशींनी नारळ वाढवला. अण्णा नवा फेटा बांधून पुढच्या सीटवर बसले, आणि त्यांनी आपल्या आवडत्या नाट्यगीतांची कॅसेट स्वतःच्या हातानं आत ढकलली. मी बटण दाबलं.

टिक्.

तेवढंच. लाल वायरीच्या मध्ये काचेच्या नळीत केसासारखी तार असते, तिला फ्यूज म्हणतात. जास्त वीज आली की ती जळते आणि वरच्या यंत्राचा जीव वाचवते. ती जळली होती. मी खिशातून दुसरा काढला, बसवला. टिक्. तिसरा. टिक्. जमलेल्यांतून कुणीतरी म्हणालं, "घड्याळ बशिवलंय जनू."

अण्णा फेट्यासकट उतरले. "असू दे. चहा घ्या, पावणं."

मग मी ते सगळं केलं जे माणूस काही कळत नसताना करतो. स्पीकरच्या वायरी काढून टाकल्या, टिक्. काळी वायर इथून काढून तिथे, तिथून काढून दरवाज्याच्या बिजागरीला, टिक्. अंगाला गंज असेल म्हणून वाळूचा कागद घेऊन मी गाडीला आतून इतकं घासलं की तिचं वजन कमी झालं असेल. फ्यूज संपले, ते आणायला पेठेत गेलो, दुकानदारानं विचारलं, "हे काय करता, खाता?" मग सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीची पट्टी लावून बघितली. ती भुर्रकन जळून माझी डावी भुवई घेऊन गेली. ती भुवई पुन्हा उगवली खरी, पण तेव्हापासून ती जरा आश्चर्यचकितच दिसते. बायको मला पसंत करताना त्याच भुवईला भुलली असं मी सांगतो. ती नाही म्हणते.

बल्ब लावून बघितला, तर हॉर्नच्या वायरीत वीज होती, अगदी झगझगीत. दिवे लागत होते, हॉर्न वाजत होता. टेप काढून अडतीवर आलेल्या ट्रकच्या बॅटरीला लावला, तर तिथं नाट्यगीत असं घुमलं की पोत्यावरचे हमाल उठून बसले. गाडी चांगली, टेप चांगला. दोघांना एकत्र आणलं की टिक्. दाजी शेजारी उभे होते, ते हळूच म्हणाले, "आमची आन् तुमची मानसंबी तशीच हायती न्हवं? येगळी येगळी लय चांगली."

राहिली बॅटरी. मी बॉनेट उघडलं आणि बघतच राहिलो. खंडेनवमीला घरातल्या सगळ्या अवजारांची, गाड्यांची पूजा होते, तशी मावशी दरवर्षी या बॅटरीचीही करत. तूप, हळद, कुंकू, अक्षता. थरावर थर. दोन्ही टोकं कुंकवात अशी बुडालेली की दोन शेंदरी देव शेजारी शेजारी बसवावेत. कुठलं टोक कुठलं, काय लिहिलंय, काही दिसायची सोय नाही. मी पेचकस घेऊन खरवडायला गेलो तो मागून मावशींनी मनगटच धरलं.

"काय करतुयास?"

"जरा साफ करतो, मावशी. टोक दिसलं पाहिजे."

"घरात पोटुशी सून हाय, आन् तू सवाशिणीचं कुंकू खरवडतुयास?"

"मावशी, ही बॅटरी आहे."

"लक्षीमी हाय ती! न्हाई वाजलं गानं तर न्हाई वाजलं. कुक्कू न्हाई पुसायचं."

आणि खरं सांगू का, मला त्याचं फार वाटलंही नाही. मी बॉनेट लावलं आणि ऐटीत म्हणालो, "राहू द्या. मला बघायची गरजच नाही. गाडीच्या अंगाला बांधलेलं टोक म्हणजे मायनस. जगात कुठंही जा." माझं जग त्या वेळी साताऱ्यापासून कोरेगावपर्यंत होतं. हल्ली नातवाच्या गाडीत बसलो की गाडीच त्याला सांगते, डावं चाक मऊ झालंय, मागचं दार उघडं आहे. त्या काळ्या म्हशीला तोंड असतं तर ती मला काय म्हणाली असती याचा मी पुष्कळदा विचार करतो. छापण्यासारखं नसतं.

दिवस जात राहिले. मी सकाळी फळीखाली शिरे, दुपारी जेवायला निघे. येणारा जाणारा वाकून सल्ला देई. एका हमालाच्या मते गाडीला दृष्ट लागली होती. दिवाणजींच्या मते साहेबाची गाडी मराठी गाणं घेत नसावी. मी वर बघत सगळ्यांना "व्हय, व्हय" म्हणे. अण्णा एक शब्द वावगा बोलत नसत. संध्याकाळी अडत बंद करून येत, पायताण काढत आणि विचारत, "काय पावणं, गातंय का?" मी नाही म्हटलं की ते मान हलवत आणि माझ्या ताटात स्वतः तूप वाढत. त्या तुपानं मी जितका खचलो तितका शिव्यांनी खचलो नसतो. बाजारात मात्र त्यांना रोज कुणीतरी विचारायचं, "अण्णा, गानं कवा?" आणि अण्णा सांगत, "पावण्यांचा शब्द हाय. वाजंल."

त्या घरात अक्काशी दोन शब्द मोकळे बोलायला जागा म्हणून नव्हती. सासू, आत्या, शेजारणी. एके दुपारी मी फळीखाली असताना गाडीचं दार उघडलं आणि माझ्या डोक्याशी तिची सुजलेली पावलं आली. जोडवी बोटात रुतलेली. ती सीटवर बसली आणि पदर ओढून घेतला, जणू भावाला पक्कड द्यायला आली आहे.

"इल्या, खरं सांग. वाजंल का?"

"अगं, वाजणार म्हणजे काय! उद्या सकाळी असा वाजेल की..."

"मोठ्यानं नगं. खरं सांग."

तिच्यापुढे मला खोटं सुचत नसे. हे माझ्या आयुष्यातलं एकमेव अपंगत्व. मी म्हणालो, "माहीत नाही गं. मला काहीच कळत नाहीये."

मला फक्त तिची पावलं दिसत होती. मग ती म्हणाली, "मानसं लय चांगली हायती रं हितली. सासूबाई खाऊपिऊ घालत्यात, पाय चेपायला गडीन ठिवलीया. पर पोटात हललं की मला दरवाज्याकडं बघाया हुतंय. वाटतं, आई आत यील." पावलं एकमेकांवर घासली. "अमावास्या झाली की न्हाई हलवायची मला. मग हितंच. तू गेलास की मी कुनाला सांगू?"

मी फळीखाली उताणा पडून राहिलो. वर वायरींचं जंजाळ, त्यात एकही वायर अशी नव्हती जी मला ठाऊक नव्हती, आणि एकही अशी नव्हती जी माझं ऐकत होती. पाठीखाली हळद, नाकात हळद.

दाजींनी त्या दिवशी पहिल्यांदा डोकं चालवलं. अमावास्या अगदी तोंडावर आली होती. ते मला कणग्यांमागे घेऊन गेले आणि कानात म्हणाले, "माझा खिशातला ट्रान्झिस्टर हाय न्हवं? तो टेपाच्या मागं दडवला तर? दुपारी नाट्यसंगीत लागतंय. एक गानं वाजलं की अण्णा 'झालं' म्हनत्याल, आपण निघू." मी त्यांना मिठीच मारली. हा माणूस आमच्या घराण्यात शोभेल असं मला तेव्हा वाटलं.

दुसऱ्या दिवशी ट्रान्झिस्टर आम्ही फळीमागे बसवला, घड्याळ जुळवलं, अण्णांना बोलावलं. त्यांनी कॅसेट ढकलली. मी बटणावर बोट ठेवल्यासारखं केलं आणि दुसरा हात खाली घालून ट्रान्झिस्टरचं चाक फिरवलं. पेटी आली, तबला आला, गळा आला. बारीक होतं, पण गाणं होतं. शेडीत टाळ्या. अण्णांचे डोळे मिटले. दारात अक्का उभी होती, तिनं खांबाला धरलं. मावशी आत धावल्या ओटीचं सामान आणायला. आणि गाणं संपलं. मी खाली हात घालतो तो चाक सापडेना. तेवढ्यात टेपातून एक पुरुषी आवाज खणखणीत मराठीत म्हणाला, "आता ऐकू या बाजारभाव. हळद, राजापुरी..."

अण्णांनी डोळे उघडले. आधी ते भाव पूर्ण ऐकून झाले, कारण अडत्या तो अडत्या. मग त्यांनी वाकून फळीमागे हात घातला, ट्रान्झिस्टर ओढून बाहेर काढला आणि आपली कॅसेट काढून खिशात टाकली. दाजी शेडीतून नाहीसे झाले होते. ते कसे गेले हे आजही कुणाला माहीत नाही, दारातून तर गेले नाहीत.

"पावणं," अण्णा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "उद्या मी बाजारात काय सांगू? माझ्या दारात टेप म्हनून मलाच रेडिओ दिला, आसं?"

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं, पण ती सांगलीची काळी जमीन, तिला भेगा उन्हाळा अखेरीस पडतात.

"आता खरं वाजल्याबिगर गाडी हलायची न्हाई." असं म्हणून ते घराकडे वळले.

तेवढ्यात तिजोरी लागल्यासारखा आवाज झाला. अक्का येऊन गाडीच्या मागच्या सीटवर बसली होती आणि तिनं दार ओढून घेतलं होतं. हातात एक गाठोडं. मावशी ओटीचं ताट घेऊन बाहेर आल्या त्या तशाच थबकल्या. "सूनबाई, उतर गं. ऊन हाय."

अक्का उतरली नाही. पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि समोर बघत बसली. हमाल पोती सोडून उभे राहिले. शेजारच्या बायका भिंतीवरून डोकावल्या. मावशींनी सरबत आणलं, तिनं घेतलं नाही. भडंग आणलं, बघितलंही नाही. मला हळूहळू कळायला लागलं की हे काय चाललंय. लग्नात दाजींना जे जमलं नव्हतं, ते अक्का त्यांच्या दारात, त्यांच्या गाडीत बसून करत होती. ती रुसली होती.

सात महिन्यांची पोटुशी सून दारात गाडीत बसून पाणी पीत नाही, म्हणजे त्या घराची काय शोभा! मावशी नवऱ्याकडे बघत होत्या, नवरा जमिनीकडे. शेवटी अण्णा गाडीच्या खिडकीशी गेले. सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नसे, आणि सासरा सुनेच्या तोंडाकडे बघत नसे. अण्णा चाकाकडे बघत म्हणाले, "सूनबाई, माझा शब्द हाय गं बाजारात."

तेव्हा अक्कानं एक गोष्ट केली. पदराचं टोक खिडकीतून बाहेर काढून पसरलं आणि त्याच्याखाली हात धरला. रुमालाखाली धरतात तसा.

अख्खी शेड गार. सुनेनं सासऱ्याला हात लावायचा? पण अण्णांचा जन्म त्या सौद्यात गेलेला. समोर कापड आलं की त्यांचा हात डोक्याला विचारत नसे. तो आपोआप पदराखाली गेला. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. पदर जरा हलला, थांबला, पुन्हा हलला. अण्णांच्या मिशा थरथरल्या. सवयीनं त्यांनी मान नकारार्थी हलवली, मग थांबले, मग वर केली. हात सुटले. काय भाव ठरला हे ना अक्कानं कधी सांगितलं, ना त्यांनी.

"सौदा झाला," अण्णा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "गाडी आत्ता साताऱ्याला निघंल. गानं वाजत जायाचं ठरलंय, तर वाटंत वाजंल. ते ऐकाया मी संगट जातो. कुटं वाजलं ते बाजारात मी येऊन सांगीन." आणि मागे वळून ओरडले, "आवं, वटी भरा की! उभ्या काय ऱ्हाता?"

मावशींनी खिडकीतूनच ओटी भरली. तांदूळ निम्मे सीटवर सांडले, नारळ अक्काच्या हातातून माझ्या पायावर पडला. मावशी रडत होत्या आणि म्हणत होत्या, "सणकी हाय गं बाई, सणकी हाय," आणि तिच्या केसांवरून हात फिरवत होत्या. दाजी कुठूनसे उगवले आणि स्टिअरिंगवर बसले. पुढच्या सीटवर मध्ये मी, डावीकडे अण्णा फेट्यात. मागे अक्का आणि गाठोडं.

कऱ्हाड मागे पडेपर्यंत अण्णा दर मैलाला टेपाकडे बघत होते आणि मी रस्त्याकडे. वाजण्याची काहीच शक्यता नव्हती, पण ते विचारत नव्हते आणि मी सांगत नव्हतो. उन्हानं रस्त्याचं डांबर पातळ झालेलं. कऱ्हाडच्या पुढे चढ लागला आणि म्हैस फुरफुरायला लागली. दाजींनी गाडी एका लिंबाखाली घेतली, बॉनेट उघडलं, आणि घाईघाईत पाण्याच्या टाकीचं झाकण फिरवलं. ते झाकण आभाळात गेलं. मी तर म्हणतो ते अजून खाली आलेलं नाही. त्याच्यामागून उकळत्या पाण्याचा फवारा उडाला. दाजींनी मागे उडी मारली म्हणून वाचले. सगळं पाणी बसलं बॅटरीवर.

इतक्या वर्षांचं तूप वितळलं. हळद, कुंकू, अक्षता असा लाल लोट बॅटरीवरून खाली वाहायला लागला. अण्णा ओरडले, "कुक्कू! अरं कुक्कू चाललं!" मी म्हणालो, "अण्णा, माणसाचा हात लागलेला नाही. तिचं तिनं धुतलं." आणि वाकून बघितलं.

दोन टोकं उघडी पडली होती. एकावर अधिकची खूण कोरलेली, एकावर वजाची. गाडीच्या अंगाला जी जाड वायर बांधलेली होती ती अधिकच्या टोकाला होती. त्या विलायती म्हशीचं सगळंच उलटं होतं. तिचं अंग प्लस, तिच्या वायरी मायनस. मी जगात कुठंही जा म्हणालो होतो, आणि जग माझ्या नाकाशी येऊन उभं होतं. दिव्याला, हॉर्नला उलटं-सुलटं कळत नाही, बल्ब कसाही पेटतो. टेपाला कळत होतं. तो बिचारा प्रत्येक वेळी फ्यूज जाळून मला सांगत होता.

मी पळत जाऊन फळीखाली शिरलो. लाल वायर अंगाला, काळी वायर हॉर्नच्या वायरीला. टेपाचं लोखंडी खोकं आतून काळ्या वायरीला जोडलेलं असतं, ते आता गाडीला टेकता कामा नये, म्हणून स्क्रू काढले, डिकीतली फाटकी सायकलची ट्यूब कापून त्याला गुंडाळली आणि सुतळीनं बांधलं. खिशात शेवटचा फ्यूज होता, तो घातला. बाहेर आलो. तोवर दाजींनी शेजारच्या मळ्यातून पाणी आणून टाकी भरली होती आणि तिच्या तोंडात लाकडाचं बूच ठोकलं होतं. आम्ही बसलो, गाडी निघाली. टेपावरचा बारका हिरवा दिवा, जो आजवर कधी लागला नव्हता, तो लागला. टिक् झालं नाही.

"अण्णा," मी म्हणालो. "आता वाजेल. दाबू?"

अण्णांनी खिशातून कॅसेट काढली, धोतरानं पुसली, टेपाच्या तोंडाशी नेली. आणि सहज मागे वळून बघितलं.

अक्का गाठोड्यावर डोकं ठेवून झोपली होती. तोंड किंचित उघडं, एक हात पोटावर, पावलं सीटवर घेतलेली. कपाळावरच्या आठ्या गेल्या होत्या. सांगलीत मी तिला असं झोपलेलं एकदाही बघितलं नव्हतं.

अण्णा बराच वेळ वळलेलेच राहिले. मग कॅसेट त्यांनी परत खिशात टाकली.

"अण्णा, लावा की," दाजी म्हणाले. "शब्द..."

"गप रं," अण्णा कुजबुजले. "गाडी सावकाश घे. खड्ड्यात घालशील."

उंब्रजला मी पुन्हा बटणाकडे बोट नेलं. मला नुसतं ऐकायचं होतं हो, एवढ्या दिवसांच्या मरमरीनंतर एक सूर तरी. अण्णांनी माझं बोट हळूच बाजूला केलं, आपला पिवळा पंजा टेपाच्या बटणांवर झाकला, आणि सातारा येईपर्यंत तो काही उचलला नाही.